तनूच्या गळ्यातला आजाचा आवाज

माझी धाकटी बहीण तनू आयुष्यात पहिलं वाक्य बोलली, त्या दिवशी आमच्या घरात कुणालाच आनंद झाला नाही.

दुपार होती. मोरीतल्या नळाला पाणी आलं होतं आणि ते रिकाम्या पिंपात धो धो पडत होतं. पप्पा जेवत होते, आई त्यांना वाढत होती. तनू दाराच्या मागे बसून डब्याचं झाकण जमिनीवर गरागरा फिरवत होती, नेहमीसारखं. चार वर्षांची झाली तरी ती ‘आई’सुद्धा म्हणायची नाही. अचानक दाराच्या मागून खाकरल्याचा आवाज आला, तंबाखू खाणारी म्हातारी माणसं खाकरतात तसा. आणि मग:

“उघाडी लावली का रं, दत्त्या?”

माझ्या आजाचा आवाज होता. आजाला जाऊन वर्ष होऊन गेलं होतं. वर्षश्राद्धाचा मांडव नुकताच उतरवला होता.

दत्त्या म्हणजे माझे पप्पा. त्यांना त्या नावाने हाक मारणारा आता कुणीच उरला नव्हता. त्यांचा घास हातातच राहिला. ते उठले, हातसुद्धा न धुता चपला घातल्या आणि खाडीच्या बांधाकडे चालू लागले. आई दाराकडे गेली, दार जरा पुढे ओढलं. मागे फक्त तनू होती. झाकण फिरवत. दोन्ही खांदे कानापर्यंत वर घेतलेले.

मी लेखिका नाही. पेणच्या कॉलेजात शिकते, आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. हे मला नीट सांगता येईल की नाही, शंका आहे. पण तेव्हा असं काहीतरी वाचायला मिळालं असतं तर आमचे बरेच महिने वाचले असते, म्हणून लिहिते.

*

आमचं गाव पेणजवळ खाडीकाठी आहे. खाडीचं खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून बांध असतो आणि त्या बांधात एक दार असतं. त्याला आम्ही उघाडी म्हणतो. भरतीच्या आधी फळ्या टाकून ती लावायची, ओहोटीला उघडून शेतातलं पाणी बाहेर सोडायचं. आमच्या बाजूची उघाडी आजा बघायचा. वय झाल्यावर ते काम पप्पांकडे आलं, पण आजाचं लक्ष तिथेच. पप्पा रोह्याकडच्या कंपनीतून शिफ्ट करून, बांधावरून होऊन घरी आले की खाटेवरून पहिला प्रश्न तोच, “उघाडी लावली का रं, दत्त्या?” आधी खाकरायचं, मग विचारायचं. रोज. आम्हाला ते ऐकूसुद्धा यायचं नाही, इतकी सवय झालेली.

एका उधाणाच्या दिवशी कंपनीत पप्पांना ओव्हरटाइमला थांबवलं. त्यांना यायला उशीर होतोय हे बघून आजा एकटाच बांधावर गेला. फळ्या टाकल्या त्याने. उघाडी लागलेली होती, हे लोकांनी नंतर पाहिलं. पण तो तिथेच बसला तो उठलाच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं.

पप्पा रडले नाहीत. बाराव्याला नाही, नंतरही नाही. फक्त उघाडीचं नाव निघालं की ते उठून बाहेर जायचे.

आता त्यांना तोच प्रश्न, त्याच आवाजात, त्यांची मुलगी विचारत होती.

*

गावात लपून काय राहतं? शेजारची सुमनकाकी दुसऱ्याच दिवशी दारात.

“तुझी पोर बोलली म्हनं गो!”

“बोलली,” आई म्हणाली.

“पन बोललं कोन?”

काकी गेल्यावर आई मला म्हणाली, “नव मयने पोटात मी वागवली. ‘आई’ म्हनायचं सोडून पयलं वाक्य उचललं ते माज्या सासऱ्याचं!” आणि हसली. हसता हसता तिचे डोळे भरले.

गावातला भगत येऊन तनूसमोर बसला. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती कुणाच्याच तोंडाकडे पाहायची नाही, खांद्यावरून पलीकडे बघायची, जणू मागे कुणी उभं आहे. भगताला ते पुरेसं झालं. तो म्हणाला, म्हाताऱ्याचा जीव बांधावर अडकलाय, या पोरीत येऊन बसतोय. वाईट नाही करणार, घरचाच आहे. पण हिला डॉक्टरकडे नेऊ नका. औषध पोटात गेलं की म्हातारा निघून जाईल.

भगताने तिला लावलेल्या अंगाऱ्याची मला भीती वाटली नव्हती. या शेवटच्या वाक्याची वाटली. कारण पप्पांनी मान डोलावली होती.

त्यानंतर तनू आमच्या घरात तनू राहिली नाही. पप्पा तिला ताटावर बसवताना आधी पाट मांडू लागले, आजाला मांडायचे तसा. तिच्यावर ओरडायचं नाही असं त्यांनी सांगितलं. रोह्याहून आत्या आली. तिने पिशवीतून आजाला आवडायची ती खारी काढली, तनूच्या पुढ्यात ठेवली आणि हात जोडून म्हणाली, “बाबा, माजी आठवन येते का?”

“येते का,” तनू म्हणाली. “येते का. येते का.”

आत्या पदर तोंडात धरून रडली. तनूने खारीचे तुकडे करून जमिनीवर एका रेषेत लावले. त्या रेषेकडे सगळे भीतीने बघत राहिले. मीपण.

हो, मीसुद्धा. शिकलेली आहे म्हणून मला भीती वाटली नाही असं मी लिहिणार नाही. दुपारी घरात आम्ही दोघीच असलो की मी तिच्याकडे पाठ करून अभ्यासाला बसत नसे. कधी खाकरेल सांगता यायचं नाही. वारा सुटला की, मिक्सर लागला की, कधी नुसतीच एखादी रिक्षा दारात येऊन थांबली की. आणि तिने खाकरलं की पप्पा घरात असतील तर उठून बांधावर जायचे. उघाडी बघून यायचे. भरती असो, ओहोटी असो. ते निघून गेल्यावर तनू कान झाकून भिंतीवर डोकं आपटायची. आम्हाला वाटायचं, म्हातारा रागावलाय.

*

अंगणवाडीच्या ताईंनी आधीपासून आईच्या मागे टुमणं लावलं होतं. हिचं नाव घेतलं तरी ही बघत नाही, बाकी पोरांत मिसळत नाही, एकदा दाखवून घ्या. शेवटी रोह्याला एका दवाखान्यात लहान मुलांच्या वाढीच्या डॉक्टर ठरावीक दिवशी येतात, तिथे जायचं ठरलं. ठरलं म्हणजे आईने आणि मी ठरवलं. पप्पांना निघतानाच सांगितलं.

ते बाहेर ओट्यावर बसले होते. पायातली चप्पल काढून पुन्हा घातली. मग म्हणाले, “त्या डाक्टरला सांग, औषद देऊ नको. बघायचं तर बघ. औषद नको.”

दवाखान्याच्या बाकावर आमच्यासारखेच सगळे. एक मुलगा सारखा बाकाला बोटाने टकटक करत होता, त्याची आई सगळ्यांना “माफ करा हां” म्हणत होती. कुणी वळून बघत नव्हतं. मला एवढं बरं वाटलं ते बघून. आमच्या गावात तनूकडे न बघणारा माणूस आम्हाला किती तरी दिवसांत भेटला नव्हता.

डॉक्टरबाई जमिनीवर बसल्या. तनूच्या मागे घंटी वाजवली, तिच्यासमोर फुगा धरला, एक बाहुली झोपवून दाखवली. तनूला फक्त छताचा पंखा आवडला. आईला खूप प्रश्न विचारले. आई सगळ्याला “व्हय” म्हणत गेली आणि प्रत्येक “व्हय”ला तिचा आवाज लहान होत गेला.

मग बाई म्हणाल्या, “हिला ऑटिझम आहे. मराठीत स्वमग्नता म्हणतात. हा ताप-खोकल्यासारखा आजार नाही. हिच्या मेंदूची वाढ जन्मापासून वेगळ्या वाटेने चाललीय. ती वाट समजून घेतली तर ही शिकेल. तुमचं काहीही चुकलेलं नाही.”

“औषद?” आईने विचारलं.

“याला औषध नाही. शिकवणं आहे, खूप सराव आहे.”

आईने माझ्याकडे पाहिलं. औषध नाही म्हणजे पप्पांना बरं वाटेल, हे आम्हा दोघींच्या एकदमच मनात आलं असावं. असल्या वेळी असलं काहीतरी सुचतं.

आवाजाचं सांगायला मला धीर होत नव्हता. मी चाचरत सांगितलं. आजा, उघाडी, खाकरणं, सगळं. वाटलं, बाई हसतील. त्या हसल्या नाहीत.

“काही मुलं आपल्यासारखी एकेक शब्द जोडून बोलायला शिकत नाहीत,” त्या म्हणाल्या. “ऐकलेलं वाक्य आख्खंच्या आख्खं उचलतात, आवाजासकट, खोकल्यासकट. आणि कधी कधी खूप दिवसांनी ते बाहेर येतं. पण ते उगाच नसतं. त्या वाक्याने तिला काहीतरी सांगायचं असतं.”

“काय?”

“ते मला इथे बसून नाही कळणार. ती ते वाक्य बोलते तेव्हा आजूबाजूला काय चालू असतं? ते तुम्ही बघा.”

*

आई रामवाडीजवळच्या गणपतीच्या कारखान्यात मूर्तींना पॉलिश पेपर मारायला जाते. अंगणवाडी बंद असली की तनू तिच्याबरोबर. रोह्याहून आल्यानंतर एके दिवशी मी कॉलेज सुटल्यावर तिला घ्यायला गेले.

कारखाना म्हणजे पत्र्याची लांब शेड. रांगेने पांढऱ्या मूर्ती, माझ्याएवढ्या उंच, रंग न लावलेल्या. डोळे सगळ्यात शेवटी काढतात, त्यामुळे सगळ्यांचे चेहरे कोरे. त्या रांगांच्या मधे कुठेतरी तनू होती. दिसत नव्हती, पांढऱ्या धुळीत फक्त तिच्या पायांचे ठसे दिसत होते. बायका काम करता करता गप्पा मारत होत्या.

रंग फवारायचा कॉम्प्रेसर एकदम घरघरला. आणि कोऱ्या चेहऱ्यांच्या मधून खाकरल्याचा आवाज आला.

“उघाडी लावली का रं, दत्त्या?”

बायकांचे हात थांबले. त्या पेणच्या बायका, आमच्या आजाला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांना फक्त मूर्तींमधून एक म्हातारा बोलला, एवढंच कळलं. एक जण पेपर टाकून सरळ बाहेर गेली. माझ्याही हातावर काटा आला. डॉक्टरबाईंनी सांगितलेलं सगळं पाठ असूनही आला.

पण मी रांगेत शिरले. तनू एका मूर्तीच्या पायाशी पाठ टेकून बसली होती, दोन्ही हात कानांवर. तेवढ्यात कॉम्प्रेसर थांबला. तिने हात खाली घेतले. खांदे खाली आले. मूर्तीच्या पायाच्या बोटांवरून ती आपलं बोट फिरवू लागली, जणू काही झालंच नव्हतं.

कॉम्प्रेसर पुन्हा लागला. तिने पुन्हा खाकरलं.

मी धावत जाऊन बटण बंद केलं. कारागीर ओरडला, “ओ बाई, काय चाललंय?”

मला आजाच्या खांद्यावरची तनू आठवत होती. पप्पा शिफ्टवर नसले की तो तिला भरतीच्या आधी उघाडीवर घेऊन जायचा. उघाडीतून पाणी आत घुसताना एवढा आवाज होतो की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. ती त्याच्या डोक्याला मिठी मारून कान त्याच्या टोपीत खुपसायची. आजा खाकरून खाली पप्पांना विचारायचा, लावली का रं. पप्पा शेवटची फळी टाकायचे. आणि तो प्रचंड आवाज थांबायचा.

तिच्या जगात कानठळ्या बसवणारी गोष्ट थांबवणारं एकच वाक्य होतं. ती ते पिंपासमोर म्हणत होती, मिक्सरसमोर, रिक्षासमोर. बंद करा. कुणीतरी हे बंद करा. आणि ती असं म्हणाली की तिचा बाप उठून दूर निघून जात होता.

*

पप्पांना हे सांगणं कॉम्प्रेसर बंद करण्याइतकं सोपं नव्हतं.

त्यांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, “म्हनजे तो बाबा नाय?”

“नाय, पप्पा.”

“त्याचा आवाज हाय. त्याचं खाकरनं हाय. मला दत्त्या म्हनते ती.”

“तिने त्यांच्याकडून ऐकलंय ते. ती तिचंच सांगते, पप्पा. तिला आवाज सोसत नाय.”

“तुला कोनी सांगितलं? रोह्याच्या बाईनं? तिनं पायला व्हता माजा बाप?” ते उभे राहिले. “तू शिकलीस ते बरं झालं. आता माजा बाप पन घेऊन जा.”

आईने “अवो” म्हटलं. पण ते गेले होते. बांधावर.

नंतर किती तरी दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मी आणि आईने आमच्या परीने सुरुवात केली. तनूने खाकरलं की जो आवाज चालू असेल तो आधी बंद करायचा. पिंपात पाणी सोडताना नळाला फडकं बांधलं. मिक्सर ती बाहेर ओट्यावर गेली की लावायचा. भिंतीवर डोकं आपटणं कमी झालं, हे आईला माझ्याआधी कळलं. पण पप्पा घरी असले की वाक्य त्यांच्या कानावर पडायचं आणि ते निघायचे. तनू त्यांच्या पाठीकडे बघत राहायची. माणसाच्या पाठीकडे ती बघू शकते. तोंडाकडे नाही.

मला वाटू लागलं होतं की आमच्या घरात हे असंच चालणार. आई आणि मी तनूचं ऐकणार, पप्पा आजाचं.

*

श्रावण लागायच्या आधीच्या उधाणाला भर दिवसा मोठी भरती आली. वारा उलटा, पाऊस आडवा. गावातले लोक बांधावर गेले होते. पप्पांना कंपनीला सुट्टी होती. ते अंगावर प्लास्टिक घेऊन निघायच्या तयारीत होते. पडवीच्या छपराचा एक पत्रा सुटला होता आणि वाऱ्याबरोबर धाड धाड आपटत होता.

तनू कोपऱ्यात गेली. खाकरली.

“उघाडी लावली का रं, दत्त्या?”

पप्पा दारात उभे होते. त्या दिवशी उघाडी खरंच लावायची होती. पाणी खरंच चढत होतं. आणि दिवसही तसलाच होता, आजा गेला तसला. आई पिठाच्या हाताने तशीच उभी.

तनूने पुन्हा म्हटलं. आवाज तोच, जाड, घोगरा. फक्त या वेळी शेवटी फाटला. आजाचा कधी फाटायचा नाही.

पप्पांनी खिशातून मोबाइल काढला. त्यांच्या चुलतभावाला लावला. “नामा, माज्या वाटनीच्या फळ्या तूच टाक. मी येत नाय. नाय येत म्हनतोय ना! घरी काम हाय.”

मग ते पावसात बाहेर गेले, पडवीच्या खांबावर चढले आणि तो पत्रा तारेने आवळून बांधला. हाताला कापलं. धाडधाड थांबली. ते निथळत आत आले, तनूच्या समोर जमिनीवर बसले, तिच्या तोंडाकडे न बघता, तिच्या खांद्याच्या बाजूला बघत म्हणाले,

“लावली.”

तनूने कानांवरचे हात काढले.

पप्पा तिथेच बसून रडले. आजा गेला तेव्हा रडायचं होतं ते. तनू त्यांच्या ओल्या प्लास्टिकवरून ओघळणारे थेंब बोटाने थांबवत होती.

*

आता आम्ही रोह्याला नेमाने जातो, कधी पॅसेंजरने, कधी एसटीने. पप्पा शिफ्ट बदलून येतात. तनू चित्रं दाखवून पाणी मागते. ती कधी आमच्यासारखी बोलेल का, हे डॉक्टरबाई सांगत नाहीत आणि आम्ही विचारायचं सोडलंय. भगत अजून म्हणतो की म्हातारा रागावून निघून गेला. आत्याही फोनवर कधी कधी हळूच विचारते, “आज काय बोलले का बाबा?” तिला तोडून उत्तर द्यायला मला जमत नाही.

तुमच्या घरी असं मूल असेल, आणि त्याच्या तोंडून अंगावर काटा आणणारं काही येत असेल, तर घाबरू नका असं मी सांगणार नाही. घाबरा. पण निघून जाऊ नका. त्या क्षणी खोलीत काय चालू आहे, ते एकदा बघा.

मागच्या रविवारची गोष्ट सांगून थांबते. शेजारी घराचं काम निघालंय. सकाळपासून फरशी कापायचं मशीन किंचाळत होतं, आमच्या हातात ते बंद करणं नव्हतं. पप्पा दाढी करत होते. तनू तिच्या दारामागच्या जागेत. ती खाकरली आणि आजाच्या आवाजात विचारलं,

“उघाडी लावली का रं, दत्त्या?”

थोडा वेळ गेला. आणि मग तिच्याच तोंडून दुसरा आवाज आला. दमलेला, भिजलेला, थोडा बसलेला. माझ्या पप्पांचा.

“लावली.”

पप्पांच्या हातातलं रेझर गालावरच थांबलं. आरशात मला त्यांचा चेहरा दिसत होता, अर्धा साबणाचा. वाटलं, आता हे उठून जाणार.

त्यांनी मान वळवून कान दिला. “वैशू,” मला म्हणाले, “बाजूचं मशीन थांबलं काय गो?”

मी ऐकलं. थांबलं होतं.